इंजिन सुरू झाले नाही

४ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. गाडी पोचल्याचं कळलं. आमचा ड्रायव्हर परत येऊन सांगत होता, की तू त्याला पाणी विचारायच्या आधी बॉनेट उघडायला लावलंस आणि "हे इंजिन आहे की कपाट?" असं म्हणालास. आमच्या मोटारकंपनीच्या चाचणी खात्यातले लोक अजून हसताहेत.

मला हे सगळं फोनवर सांगायचं होतं. पण तू नेहमीप्रमाणे "लिहून पाठव, फोनवर गाडी कळत नसते" म्हणालास आणि फोन मामीच्या हातात दिलास. दोन वर्षांत आपलं फोनवर धड बोलणं झालेलं नाही. रागावला आहेस का माझ्यावर? नसशील तर लिही, असशील तरी लिही.

आता कामाचं. या गाडीत बॅटरी आहे आणि पेट्रोलचं इंजिनही आहे. घरच्या प्लगला लावून बॅटरी भरलीस की साधारण पंचेचाळीस किलोमीटर ती नुसत्या विजेवर जाते. इंजिन आपणहून सुरू होतं ते तीन कारणांनी: बॅटरी संपली, चढावर पाय जोरात दाबला, किंवा थंडीत हीटर पूर्ण सोडला. आम्ही अशा बारा गाड्या बारा माणसांना रोजच्या वापराला दिल्या आहेत. आम्हाला एवढंच हवंय, की इंजिन जागं होतं तेव्हा चालवणाऱ्याला ते जाणवतं का आणि जाणवलं तर कसं. सोबतच्या वहीत रोज लिहायचं. गाडीतही एक छोटी पेटी आहे, ती स्वतःची नोंद स्वतः करते. तिचं कार्ड आम्ही तीन महिन्यांनी मागवू.

आमच्या खात्याच्या प्रमुख बाई नात्यातलं माणूस नको म्हणत होत्या. मी अर्जात लिहिलं, की या माणसाने चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय आणि त्याच्या कानापुढे आमची यंत्रं फिकी आहेत. त्यांनी सही केली. तेव्हा माझी लाज राख.

तुझी,
किल्ली

१९ जानेवारी

चि. किल्लीस,

अनेक आशीर्वाद. मी रागावलो असतो तर तुला कळलं असतं. लहानपणी तू गिऱ्हाइकाच्या ट्रकची किल्ली पिंपात टाकलीस तेव्हा मी रागावलो होतो, तो राग आठव आणि मग बोल. फोनचं म्हणशील तर हल्लीचे फोनच पातळ झालेत, आवाजही पातळ येतो. पत्र बरं. पुन्हा वाचता येतं.

गाडी गुणी आहे. सकाळी आठला निघतो, तुझ्या मामीला टेकडीवरच्या शिवणशाळेत सोडतो, तिथून गॅरेज, दुपारी जेवायला घर, पुन्हा गॅरेज, संध्याकाळी तिला घेऊन परत. एकतीस किलोमीटर होतात. घरी आल्यावर प्लग लावतो. मामी म्हणते, माझ्याआधी गाडीला वाढतोस.

ब्रेक दाबला की बॅटरी थोडी भरते हे मला फार आवडलं. टेकडी उतरताना चढताना गेलेलं थोडं परत मिळतं. आमच्या वेळच्या गाड्या उतारावर नुसता ब्रेक जाळायच्या.

मधला तो रंगीत पडदा मात्र मला सहन होत नव्हता. बाण इकडून तिकडे धावतात, चाकं हिरवी होतात. गाडी काय सिनेमा बघायला घेतात? मी त्यावर जाड कागद चिकटवून टाकला. गाडी कानाने चालवायची, हे मी तुला सात वर्षांची असताना शिकवलंय.

नोंदी वहीत आहेत, पण मासला देतो. सात तारीख, इंजिन सुरू झाले नाही. आठ, सुरू झाले नाही. नऊ, चढावर एकदा सुरू झाले, सीटला धक्का जाणवला. दहा ते अठरा, सुरू झाले नाही. थंडी मरणाची आहे, मामी हीटर पूर्ण सोडून शालीत गुरफटून बसते, तरीही गाडी आपली बिनबोभाट चालते. तुमच्या लोकांना माझी शाबासकी सांग.

कान अजून शाबूत आहे, काळजी करू नकोस. परवा दुधाचा टेंपो आला. दोन गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला होता. मी आपला हातभर लांब डिसमिस घेतला (तुम्ही ऑफिसात स्क्रूड्रायव्हर म्हणता तो), टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. पाऊण तासात टेंपो रवाना. तेही गिऱ्हाईक तोंडातल्या तोंडात बोलणारं. हल्ली सगळेच पुटपुटतात.

तुझा,
मामा

२७ जानेवारी

प्रिय मामा,

तुझी वही बाईंनी बैठकीत वाचून दाखवली. "गाडी काय सिनेमा बघायला घेतात" यावर सगळे हसले, पडदा बनवणारा सोडून.

बाकी अकरा जण लिहितात की थंडीत इंजिन बऱ्याचदा सुरू होतं आणि आवाज येतो. तू एकटा लिहितोस की होतच नाही. बाईंनी मला विचारलं, कोणाचं धरायचं? मी म्हटलं, माझ्या मामाचं. ते अकरा जण कारकून, शिक्षक, दुकानदार आहेत. टायर घासला तरी त्यांना इंजिन वाटेल. मग मी अहवालात लिहिलं, की सर्वांत जाणकार चालकाच्या मते इंजिन क्वचितच लागतं. लिहिताना मला इतका अभिमान वाटला, काय सांगू.

हीटर पूर्ण सोडूनही इंजिन लागत नाही, हे मात्र मला कळत नाहीये. तुमच्याकडची थंडी तेवढी नसेल. पुढच्या पत्रात मामी हीटर किती वेळ चालू ठेवते ते लिहिशील?

किल्ली

१६ फेब्रुवारी

चि. किल्लीस,

आशीर्वाद. हे पत्र नीट बसून वाच आणि लगेच वरच्यांना दाखव.

तुमच्या गाडीची पेट्रोलची टाकी गळते आहे.

मला काटा आधीच खाली दिसत होता, मी म्हटलं काटा खोटा असेल. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरली, काचेच्या बरणीने मोजून. दहा दिवसांत नऊ लिटर गेलं. या दहा दिवसांत इंजिन दोनदा सुरू झालं, दोन्ही वेळा चढावर, मिनिटभर. नऊ लिटर पेट्रोल मिनिटभरात पिणारं इंजिन मी अजून पाहिलेलं नाही. मग गेलं कुठे? जमिनीत.

तीन दिवस गाडीखाली झोपलोय. पाइप पुसून पावडर लावली, खाली वर्तमानपत्र अंथरलं. एक डाग नाही, वास नाही. म्हणजे चालताना गळत असणार, उभी असताना नाही. असं गळणं फार वाईट, सापडत नाही आणि एक दिवस पेट घेतं. ज्याने ही टाकी केली त्याला माझ्यासमोर उभा कर.

बाकी ठीक. मागच्या आठवड्यात बाजाराच्या चौकात फुटपाथवरचा एक माणूस मला बघून दोन्ही हात हलवत होता. नवी गाडी बघून लोकांना कौतुक वाटतं. मीही हात केला.

हीटर मामी उतरेपर्यंत बंद करत नाही. त्याचा इथे काय संबंध?

मामा

२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं आणि तासाभरात बाराही गाड्या थांबवल्या. तूही चालवू नकोस. घरापासून लांब उभी कर.

टाकी ज्याने केली तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. शांत माणूस आहे, आम्ही त्याला टाकीवालाच म्हणतो. त्याला कामावरून बाजूला केलंय. चौकशी होईपर्यंत तो कोपऱ्यात बसून उरलेल्या टाक्या एकेक कापून बघतोय. एकीतही काही सापडलं नाही. काल मला म्हणाला, "तुमचे मामा चुकत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे मीच चुकलो असणार. फक्त कुठे ते दिसत नाहीये." मला त्याच्याकडे बघवत नाही.

गाडीतल्या पेटीचं कार्ड लगेच पाठव. स्टिअरिंगच्या खाली डावीकडे झाकण आहे.

किल्ली

१ मार्च

चि. किल्ली,

हे कार्ड मी पाठवते आहे, कारण तुझा मामा आठ दिवस कोणाशी बोलत नाही. गाडी अंगणाच्या टोकाला उभी आहे आणि हा खिडकीतून तिच्याकडे बघत बसतो.

त्याला सांगू नकोस, पण तुझी पत्रं मी वाचली. वहीही वाचली. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण बाई, इंजिन तर रोज सुरू होतं. मी शाल गुंडाळून बसते तेव्हा पायाखाली घरघर होते, ती शाळेच्या फाटकापर्यंत. मी कधी बोलले नाही. मला वाटलं, गाडी आहे, आवाज करणारच. आणि तो माझ्या शेजारीच तर बसलेला असतो.

आता तुला आणखी एक सांगते. मी स्वयंपाकघरातून हाक मारणं दोन वर्षांपूर्वी सोडलं. बाहेर येते, त्याच्या समोर उभी राहते आणि मग बोलते. सवय कधी लागली ते मलाही कळलं नाही. दुसरी खोली, दाराची घंटा, फोन, सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. मी त्याला विचारलं नाही. त्याचा कान म्हणजे त्याची अब्रू आहे, तुला माहीतच आहे.

आता काय करायचं ते तू ठरव. मला धीर होत नाही.

मामी

९ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता सरळ लिहिते.

कार्ड वाचलं. टाकी गळत नाही. जानेवारीच्या सातपासून इंजिन एकशे त्रेचाळीस वेळा सुरू झालं. बहुतेक वेळा सकाळी, हीटरमुळे, घरापासून शाळेपर्यंत. नऊ लिटर पेट्रोल इंजिनानेच जाळलं. मिनिटा-मिनिटाचा हिशेब जुळतो.

मी कार्ड बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "दोन साक्षीदार आहेत, एक पेटी आणि एक तुझा मामा. पेटी आपल्याच लोकांनी केलेली, बिघडू शकते. आणि यंत्रापेक्षा मामाचा कान खरा, हे तूच सही करून दिलंयस." आता पेटी करणाऱ्यांचीही चौकशी लागणार आहे. टाकीवाला अजून कोपऱ्यातच आहे. पाच एप्रिलला बैठक आहे. त्यांना मी काय सांगायचं, ते तुला विचारल्याशिवाय मला सांगायचं नाही.

मामा, तुला कमी ऐकू येतं. तू माझ्याशी फोनवर का बोलत नाहीस ते मला परवा कळलं आणि मी कपड्यांच्या कपाटासमोर बसून रडले. मी दोन वर्षं तुला रागीट समजत होते.

पण तू म्हणशील, दुधाच्या टेंपोचं बेअरिंग कसं ऐकलं? मीही तेच विचारत बसले. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. तू ते कानाने ऐकलं नाहीस, हाडाने ऐकलंस. डिसमिसची मूठ कानामागे लावलीस. गॅरेजात तू असंच ऐकतोस, म्हणून तिथे तुला कधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही. या गाडीत मात्र तू नुसता बसतोस. डिसमिस लावत नाहीस.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच मला शिकवलंयस, गिऱ्हाईक सांगतं त्यावर नाही, यंत्र सांगतं त्यावर जायचं. कापलेल्या टाक्यांत एकही गळकी निघाली नाही, म्हणून चौकशी चालू असली तरी बाराही गाड्या पुन्हा रस्त्यावर आणायला परवानगी मिळाली आहे. मामीला गाडी चालवू दे. तिला तूच शिकवलं होतंस, परवानाही आहे, पण चाक काही तू कधी दिलं नाहीस. तू शेजारी बस आणि डिसमिस घेऊन बस.

मग मला जे लिहायचं ते लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

किल्ली

२ एप्रिल

चि. किल्लीस,

आशीर्वाद. तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा तुझ्यावर रागावलो होतो, दुसरा तुझ्या मामीवर. तिसऱ्या आठवड्यात रागवायला घरात कोणी उरलं नाही.

गेल्या सोमवारी मामी चाकावर बसली. तिने आधी सीट पुढे घेतली, मग आरसा, मग पुन्हा सीट. मी शेजारी बसून डिसमिसचं टोक समोरच्या पत्र्याला टेकवलं, मूठ हाडाला लावली. तिने हीटर सोडला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी आलो आणि मुठीतून आवाज आला. स्वच्छ. चार सिलिंडर, एकेक वेगळा मोजता यावा असा. मी मूठ काढली. काही नाही, नुसती मामी आणि रस्ता. मूठ लावली, इंजिन चालू. शाळेपर्यंत मी असं वीसेक वेळा केलं असेल. रस्त्यावरच्यांना वाटलं असेल, म्हातारा डिसमिसने कान कोरतोय.

फाटकापाशी मामीने गाडी थांबवली आणि विचारलं, "इंजिन लागलं का?" मी म्हटलं, "लागलं." मग ती रडली. मी शाल तिच्या अंगावर नीट केली, दुसरं काय करणार?

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते सांगतो. बाजाराच्या चौकात एक माणूस हात हलवत होता, असं मी तुला लिहिलं होतं. तो गाडीचं कौतुक करत नव्हता. त्याला हात करून झाल्यावर मी आरशात पाहिलं. मागे ॲम्ब्युलन्स होती, दिवा फिरत होता. ती कधीपासून मागे होती देव जाणे. सगळा रस्ता बाजूला झाला होता, एकटा मी मधोमध, ऐटीत. मी गाडी बाजूला घेतली. ती गेली. मी तिच्या मागे दवाखान्यापर्यंत गेलो आणि फाटकाबाहेर अर्धा तास उभा राहिलो. आत जाऊन विचारायची हिंमत झाली नाही. आतलं माणूस कोण होतं, कसं आहे, मला अजून माहीत नाही. कधी कळणारही नाही.

हे झालं दहा फेब्रुवारीला. सोळाला मी तुला टाकी गळते म्हणून लिहिलं. तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. अर्धं कळलं होतं. पण काही तरी गळतंय हे नक्की होतं आणि ती टाकी असावी अशी माझी फार इच्छा होती. नाचता येईना अंगण वाकडे, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. त्या पोराला कोपऱ्यात बसवलं ते मी, टाकीने नव्हे.

त्या सोमवारपासून मी चाकाला हात लावलेला नाही. डॉक्टरकडेही जाऊन आलो. त्यांनी एक दोन दातांचा नादकाटा ठोकला आणि कानासमोर धरला. काही नाही. मग त्याच काट्याचा दांडा कानामागच्या हाडाला लावला आणि तो खणखणीत वाजला. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, ही विद्या तुम्ही माझ्या गॅरेजातून उचललीत. कानातलं एक छोटं हाड आखडलंय म्हणे. आतलं यंत्र ठीक आहे, फक्त पोचवणारा दांडा जाम झालाय. हे मला समजलं. कानात ऐकायचं यंत्र बसवणार आहेत, त्याने बरंच ऐकू येईल, सगळं नाही.

सोबत दुसरा कागद आहे. तो बैठकीत वाच, तू नको, तुझ्या बाईंना वाचू दे. त्यावर लिहिलंय: "टाकीत दोष नाही. पेटीत दोष नाही. ७ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळातल्या नोंदी मला कमी ऐकू येत असताना केल्या आहेत, त्या रद्द कराव्यात. टाकी करणाऱ्याची मी माफी मागतो." खाली सही केली आहे, गॅरेजचा शिक्काही मारला आहे.

मामा

१० एप्रिल

प्रिय मामा,

कागद वाचला गेला. बाईंनी वाचून त्याची दोनदा घडी घातली आणि विचारलं, "याला पुढच्या वर्षी बोलवता येईल का?" टाकीवाला आपल्या टेबलावर परत आला आहे. त्याने सांगितलंय, की मामांना सांगा, माफी नको, त्यांनी एकदा येऊन माझी टाकी बघावी.

अहवालातलं माझं वाक्य मी स्वतः खोडलं. सगळ्यात जाणकार माणूस म्हणून तुझं नाव दिलं होतं, ते मात्र खोडलेलं नाही.

बैठकीत कोणी तरी म्हणालं, की अशी गाडी ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही कळली पाहिजे. इंजिन जागं झालं की स्टिअरिंग हाताला हलकेच कळवेल असं काही करायचं ठरतंय. हे तुझ्या रद्द नोंदींमधून निघालं.

किल्ली

२८ एप्रिल

चि. किल्लीस,

आशीर्वाद. परवा यंत्र बसवलं. चण्याएवढं आहे. पहिल्या दिवशी नळाचं पाणी, वर्तमानपत्राचं पान, माझी स्वतःची चप्पल, सगळ्यांनी मला वैताग आणला. मी मामीला म्हटलं, हे घर इतकं बडबडं कधीपासून झालं?

गाडीत अजून तीच चाकावर असते. बरी चालवते. चढावर पाय जरा जड आहे, ते सांगायचं अजून धाडस केलं नाही. नवी वही तिच्या अक्षरात आहे आणि ऐकणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. काल लिहिलं: गिरणीपाशी इंजिन सुरू झाले. जागं होताना पहिल्या क्षणी बारीक टकटक येते, तिसऱ्या सिलिंडरला. बाकी अकरा जणांनी लिहिलंय का? टाकीवाल्याला म्हणावं, टाकी नंतर बघतो, आधी ही टकटक बघ.

काल संध्याकाळी मामीने स्वयंपाकघरातून हाक मारली. मी बाहेरच्या खोलीतून ओ दिली. मग ती हातात लाटणं घेऊन दारापर्यंत आली, मला बघून परत आत गेली.

हे पत्र मिळालं की उत्तर लिहू नकोस. रविवारी सकाळी नऊ वाजता फोन कर, मीच उचलणार आहे. आणि सगळे माझ्याशी ओरडून बोलतात तशी ओरडू नकोस. तुझ्या नेहमीच्या आवाजात बोल. तो कसा आहे, ते मी विसरत चाललो होतो.

तुझा,
मामा